मदत हवी आहे : सुरगाण्याचा किडनीचा रुग्ण, नाशिकला सिव्हिल, संदर्भ की बिटको?

हतगड :
नमस्कार. मुद्द्याचं तेवढंच लिहितो. रुग्ण पुरुष, वय ५६, सुरगाणा तालुका. जुनं बीपी, गोळ्या मधेच सोडलेल्या. ग्रामीण रुग्णालयातला रिपोर्ट : क्रिएटिनिन (किडनीचं काम किती मंदावलंय ते दाखवणारा रक्तातला आकडा) ७.४, हिमोग्लोबिन ७.८, पोटॅशियम ५.६. पायावर सूज आहे, लघवी होते पण कमी. धाप नाही. डॉक्टरांनी केसपेपरवर 'किडनी तज्ज्ञ, नाशिक' एवढंच लिहून दिलंय. कुणी सिव्हिल म्हणतं, कुणी शालिमारचं संदर्भ, कुणी नाशिकरोडचं बिटको. रेशनकार्ड पिवळं आहे, पण त्यावर 'लखमन' आणि आधारवर 'लक्ष्मण'. पहिली फेरी वाया जाऊ नये म्हणून काय काय बरोबर घ्यावं आणि नेमकं कुठल्या दारात उभं राहावं?

केसपेपर :
गोंधळाचं मूळ असं की नाशिकमध्ये 'सरकारी दवाखाना' या एका नावाखाली तीन वेगळे मालक आहेत आणि एकाचा कागद दुसऱ्याकडे आपोआप जात नाही.

गावाकडचं उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं. तिथला वरचा माणूस म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि त्र्यंबक रोडचं सिव्हिल ही राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाची, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या म्हणजे सिव्हिल सर्जनच्या हाताखाली. शालिमारचं विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयही त्याच विभागाचं, पण त्याला वेगळे वैद्यकीय अधीक्षक आहेत आणि ते एकट्या नाशिक जिल्ह्यासाठी नाही. धुळे, नंदुरबार, जळगाव, अहिल्यानगर इथूनही रुग्ण येतात. हृदय, किडनी, कॅन्सर असल्या मोठ्या आजारांसाठीच ते काढलंय. या सगळ्यावर नाशिक मंडळाचे आरोग्य उपसंचालक. तिसरा मालक महापालिका : बिटको, कथड्याचं झाकीर हुसेन, पंचवटीचं इंदिरा गांधी, सिडकोत मोरवाडीचं. ती शहराच्या रोजच्या गरजेसाठी आहेत. सुरगाण्याच्या किडनीच्या रुग्णाने बिटकोला जायचं काही कारण नाही.

तेव्हा तुमचं दार संदर्भ. पण थेट नाही, चिठ्ठी घेऊन. आणि 'किडनी तज्ज्ञ, नाशिक' ही चिठ्ठी चिठ्ठीच नव्हे. उद्या ग्रामीण रुग्णालयातून रेफरची चिठ्ठी नीट लिहून घ्या. त्यावर निदान, आजचं बीपी, चालू गोळ्या त्यांच्या डोससह, तारखेसकट सगळे रिपोर्ट, 'संदर्भ सेवा रुग्णालय, नाशिक, नेफ्रॉलॉजी विभाग' (म्हणजे किडनीचा विभाग) असं पूर्ण नाव, डॉक्टरांचा शिक्का आणि सही हवी. शिक्का राहिला तर खिडकीवरचा माणूस परत पाठवतो आणि त्यात त्याचं चुकत नाही.

निघायच्या आधी फोन करून नेफ्रॉलॉजीची ओपीडी कोणत्या वारी असते ते विचारा. सर्वसाधारण ओपीडी रोज, तज्ज्ञ ठरलेल्या वारी, ही सरकारी रीत. चुकीच्या वारी गेलात की पहाटेची एसटी फुकट. साडेआठला रांगेत असलेलं बरं. सकाळचा केसपेपर दुपारी बंद होतो आणि मग रक्त द्यायलाही उशीर होतो.

सातपूरकर :
एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? सरळ खासगीत टाका. सरकारीत नुसता वेळ जातो.

केसपेपर :
किडनी थकली की डायलिसिस लागतं, म्हणजे मशीनने रक्त शुद्ध करणं, आणि ते एकदाचं ऑपरेशन नाही. आठवड्याला दोन-तीनदा, वर्षानुवर्षं. पहिले दोन महिने खासगीत भागवून जमीन गहाण पडल्यावर संदर्भला येणारे कमी नाहीत. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर, तपासण्या, उपचार मोफत आहेत. हा निर्णय महापालिकेच्या दवाखान्यांना लागू नाही, हेही याच निमित्ताने सांगून ठेवतो.

चार_तास :
डायलिसिसबद्दलचं मी लिहितो.

सगळ्यात आधी सोनोग्राफी. ७.४ हा आकडा पाहून 'डायलिसिस' म्हणून कुणी घाबरवलं असेल, पण क्रिएटिनिन कशामुळे वाढलं ते बघायला हवं. दोन्ही किडन्या ८ सेंमीच्या आसपास आक्रसलेल्या दिसल्या तर आजार जुनाट. किडनी फुगलेली दिसली तर मुतखडा किंवा प्रोस्टेटमुळे लघवी तुंबलेली असू शकते, आणि तुंबारा मोकळा केला की क्रिएटिनिन उतरतंही. तुमच्याकडे सोनोग्राफी होत नसेल तर कळवणला किंवा सिव्हिलला होईल, पण संदर्भच्या पहिल्या भेटीत ती हातात असली तर एक फेरी वाचते.

दुसरं, तीन विषाणू तपासण्या : एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी. यांचा रिपोर्ट असल्याशिवाय कुठलंही सेंटर मशीनवर घेत नाही, कारण पॉझिटिव्ह रुग्णाचं मशीन वेगळं ठेवावं लागतं. ग्रामीण रुग्णालयात रक्त घेतात तेव्हाच याही सांगा. कावीळ बी निगेटिव्ह असेल तर लस लगेच सुरू करा. किडनीच्या रुग्णाला ती दुप्पट डोसने, ०, १, २ आणि ६ महिन्यांनी देतात.

तिसरं नीट वाचा. रुग्ण उजव्या हाताने काम करत असेल तर आजपासून डावा हात राखून ठेवायचा. त्या हाताला सुई नाही, सलाईन नाही, रक्त काढणं नाही. पुढे डायलिसिस लागलं तर फिस्टुला त्याच हातात करायचा असतो : मनगटापाशी किंवा कोपरापाशी धमनी शिरेला जोडतात, म्हणजे शीर फुगून जाड होते. ती पिकायला, म्हणजे सुई झेपण्याइतकी व्हायला ६ ते ८ आठवडे लागतात. खेड्यावरून येणाऱ्या रुग्णांच्या डाव्या हाताच्या शिरा बहुधा सलाईनने आधीच जळालेल्या असतात. मग फिस्टुला होत नाही, मानेत नळी घालावी लागते, नळीला जंतुसंसर्ग होतो, मशीनवर बसलं की अर्ध्या तासात हुडहुडी भरते, आणि पुन्हा भरती. ही साखळी एका चुकीच्या सुईपासून सुरू होते.

म्हणून पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारा, 'फिस्टुला आत्ताच करून ठेवायचा का?' डायलिसिस दोन-तीन महिन्यांवर असेल तर उत्तर बहुधा हो येतं. झाल्यावर रोज सकाळी त्यावर बोटं ठेवून बघायचं : मांजर घुरघुरतं तशी थरथर लागली पाहिजे. थरथर थांबली तर त्याच दिवशी दवाखाना. दुसऱ्या दिवशी गुठळी घट्ट झालेली असते.

तोवर घरी डायक्लोफिनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या आणि झाडपाला पूर्ण बंद. पाणी म्हणजे आदल्या दिवशी जेवढी लघवी झाली तेवढं अधिक अर्धा लिटर, त्यात चहाही धरायचा. ५.६ पोटॅशियमला नारळपाणी, केळी, टोमॅटो नको. बटाटा चिरून बराच वेळ पाण्यात ठेवून ते पाणी फेकून शिजवायचा. नागलीची भाकरी बंद करा असं कुणी सांगेल, पण ती प्रमाणात चालेल का ते आहारतज्ज्ञांना विचारा. सगळंच बंद केलं तर माणूस खायचाच थांबतो आणि ते जास्त वाईट.

धाप लागली, रात्री आडवं झोपवेना, लघवी थांबली किंवा छातीत धडधड झाली तर ओपीडीचा वार बघायचा नाही. १०८ बोलवा.

पिवळं_कार्ड :
कागदांचं माझ्याकडे.

महात्मा फुले जनआरोग्य योजना आता रेशनकार्ड असलेल्या सगळ्यांना आहे. वाढवलेलं संरक्षण जुलै २०२४ पासून लागू झालं, कुटुंबाला वर्षाला ५ लाख. संदर्भमध्ये आरोग्यमित्राची, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाची, खिडकी असते. रुग्णालय मोफत असतानाही तिथे नोंद करा, कारण योजनेतून रुग्णालयाला दाव्याचे पैसे मिळतात आणि त्यातूनच बरंचसं साहित्य येतं.

'लखमन–लक्ष्मण' हा घोळ फार नेहमीचा. आरोग्यमित्र रेशनकार्डाचा बारा अंकी ऑनलाइन क्रमांक टाकतो. कागदावर काय छापलंय यापेक्षा सिस्टिममध्ये काय आहे ते चालतं. म्हणून आधी रेशन दुकानात जाऊन बघा : क्रमांक निघतो का, रुग्णाचं नाव त्यात आहे का, आधार जोडलंय का, ई-केवायसी झालीय का. नाव चुकलं असेल तर तहसीलच्या पुरवठा शाखेत दुरुस्तीचा अर्ज आणि त्याची पोच. दुरुस्ती व्हायला दिवस लागतात, तोवर 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. पोच आणि प्रतिज्ञापत्र दोन्ही असलं की काम सहसा अडत नाही. अडलंच तर १५५३८८ या हेल्पलाइनवर तिथूनच, खिडकीसमोर उभं राहून फोन लावा.

आधार, रेशनकार्ड, रेफर चिठ्ठी, सगळे रिपोर्ट : प्रत्येकी तीन झेरॉक्स. मूळ कागद कुणाच्या हातात सोडायचे नाहीत. योजनेची मंजुरी ठराविक सत्रांची असते, ती संपायच्या आत पुढची मागायची. शेवटच्या सत्राला जाग आली तर मधला एखादा दिवस कोरडा जातो, आणि डायलिसिसमध्ये कोरडा दिवस म्हणजे फुप्फुसात पाणी.

हतगड :
खूपच उपयोगी. तीन शंका. १०८ डायलिसिसच्या फेऱ्यांना येते का? आठवड्याला दोनदा सुरगाणा–नाशिक झेपणारं नाही, जवळ काही होईल का? आणि 'हे इंजेक्शन बाहेरून आणा' म्हणाले तर काय करायचं?

केसपेपर :
१०८ आपत्कालीन आहे, ठरलेल्या फेऱ्यांना येत नाही. १०२ गरोदर माता आणि बाळांसाठी. तुमचा रोजचा मार्ग एसटीच. डायलिसिसच्या रुग्णाला महामंडळाची प्रवास सवलत आहे. सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला घेऊन आगारात विचारा, कोणत्या बसला आणि किती अंतरापर्यंत ते तिथेच कळेल.

बाहेरच्या औषधाबद्दल : आधी औषध भांडारात खरंच नाही का ते विचारा. पुष्कळदा एका वॉर्डात संपलेलं असतं आणि दुसऱ्यात पडून असतं. नसेलच तर 'उपलब्ध नाही' असं केसपेपरवर लिहून मागा. तोंडी नकार देणं सोपं, लिहून देणं जड जातं. निम्म्या वेळा औषध तिथेच सापडतं. मग अधीक्षकांना अर्ज द्या, स्थानिक खरेदीसाठी त्यांच्याकडे रुग्ण कल्याण समितीचा निधी असतो. अर्जावर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. शिक्का नसलेला अर्ज दिलाच नव्हता असं धरा.

चार_तास :
जवळच्या सेंटरचं असं : पहिली काही सत्रं, नळी आणि फिस्टुला संदर्भला. रुग्ण स्थिर झाला की तिथल्याच डॉक्टरांकडून बदलीची चिठ्ठी घेऊन घराजवळच्या सरकारी सेंटरला. कळवण उपजिल्हा रुग्णालयात जागा आहे का ते आधी विचारा. 'युनिट आहे का' एवढं विचारू नका, 'शिफ्टमध्ये जागा आहे का' आणि 'निगेटिव्ह मशीन मोकळं आहे का' हे विचारा. बदलीच्या चिठ्ठीवर ड्राय वेट, हेपॅरिनचा (रक्त गोठू न देणारं औषध) डोस, किती तास, शेवटचे विषाणू रिपोर्ट आणि हिमोग्लोबिनच्या इंजेक्शनचा डोस हवाच. ड्राय वेट म्हणजे जादा पाणी काढल्यावरचं वजन. तो आकडा नसेल तर नवीन तंत्रज्ञ अंदाजाने पाणी काढतो, बीपी कोसळतं, पायात गोळे येतात. दोन सत्रांच्या मधे वजन दोन-अडीच किलोच्या वर चढू द्यायचं नाही. घरी काटा घ्याच.

लहान सेंटरची आणखी एक अडचण पाण्याची. एका सत्रात मिनिटाला ५०० मिली द्रव फिरतो, म्हणजे चार तासांत १२० लिटर शुद्ध पाणी लागतं. वीज गेली किंवा आरओ (पाणी शुद्ध करणारं यंत्र) बंद पडला की त्या दिवशीची सगळी शिफ्ट रद्द. म्हणून सेंटरचा नंबर फोनमध्ये ठेवा आणि निघण्याआधी मशीन चालू आहे का ते विचारूनच एसटीत बसा.

हिमोग्लोबिन ७.८ आहे म्हणून लगेच रक्त चढवायला सांगतील. पुढे किडनी बदलायचा विचार असेल तर रक्त शक्यतो टाळतात, कारण शरीरात प्रतिपिंडं तयार होऊन जुळणारी किडनी मिळणं अवघड होतं. लोह आणि एरिथ्रोपोएटिनवर (हिमोग्लोबिन वाढवणारं इंजेक्शन) भागतं का ते नेफ्रॉलॉजिस्टला विचारा.

हतगड :
चिठ्ठी आज नव्याने लिहून घेतली, नेफ्रॉलॉजी आणि शिक्क्यासकट. तिन्ही विषाणू तपासण्यांचं रक्तही दिलं. पण अशक्तपणा म्हणून गावातल्या डॉक्टरांनी दुपारी सलाईन लावलंय, आणि सुई डाव्या हाताला कोपराजवळ आहे.

चार_तास :
आत्ता फोन करून ती सुई काढायला सांगा आणि जागा दहा मिनिटं दाबून धरा, चोळू नका. सलाईन कशासाठी हेही विचारा. पायावर सूज आणि लघवी कमी असताना एक बाटली म्हणजे अर्धा लिटर पाणी थेट रक्तात. खरंच काही द्यायचं असेल तर उजव्या पंजाच्या मागच्या बाजूला. आणि डाव्या मनगटावर पट्टी बांधून पेनने लिहा : 'हा हात राखीव, सुई नको.'