अवघड भाषा म्हणजे अभ्यासपूर्ण लेखन नव्हे

शोधनिबंधाची भाषा अवघड आणि वर्तमानपत्रातल्या लेखाची सोपी, एवढाच फरक अनेकदा सांगितला जातो. मला तो वरवरचा वाटतो. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात कपाशीवर गुलाबी बोंडअळीची चाहूल लागली, की चौकातल्या फलकावर मी लिहितो : 'कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री, दर रात्री आठ किंवा जास्त पतंग सापडले, तर फवारणीचे पाहा.' (कामगंध सापळा म्हणजे मादीच्या गंधाने या अळीचे नर पतंग ओढून पकडणारा सापळा.) आठच का, हे त्यात नाही, आणि बाजाराला निघालेल्या माणसाला ते विचारायला सवडही नसते. तीच गोष्ट शोधनिबंधात मांडायची, तर पेक्टिनोफोरा गॉसिपिएला हे किडीचे शास्त्रीय नाव, कपाशीचा वाण, लागवडीची तारीख, सापळ्यांची संख्या आणि किती झाडांवरची किती बोंडे फोडून पाहिली, हे सारे द्यावे लागते, कारण तो वाचणारा आपल्यावर विश्वास ठेवायला नव्हे, तर आपले म्हणणे तपासायला बसलेला असतो. (बोंड फोडल्याशिवाय ही अळी सहसा दिसतही नाही, हा भाग वेगळा.)

वाक्यावाक्याला 'करण्यात आले' लिहिले म्हणजे लेखन अभ्यासपूर्ण झाले, हा विद्यार्थ्यांचा समज मला अधिक त्रासदायक वाटतो. त्याने कर्ता लपतो, पुरावा वाढत नाही. परिभाषेचे तसे नाही. 'नुकसान' आणि 'आर्थिक नुकसानीची पातळी' (कीड जिच्यापुढे गेली की फवारणीचा खर्च परवडतो, ती मर्यादा) एकमेकांच्या जागी चालत नाहीत, आणि फलकावर मी दुसरा शब्द टाळत असलो, तरी आठ हा आकडा त्यातूनच आलेला असतो.