‘मसुदा’, ‘मूल्यमापन’ आणि कॉलेजातला हिटर

शब्दवेडी
एका मासिकासाठी बेसबॉलवरचा लेख मराठीत आणतेय. अमेरिकेत जुलैत ड्राफ्ट (संघांनी नवे खेळाडू निवडणं) होतो, त्याआधी कॉलेजात खेळणारे हिटर, म्हणजे फलंदाज, कसे पाहिले जातात, हा विषय. क्रिकेट कळतं, बेसबॉल जेमतेम. तीन ठिकाणी गाडी अडलीय.

यंत्राने ‘ड्राफ्ट’ला ‘मसुदा’ दिलंय. ‘२०१९च्या मसुद्यात बाल्टिमोरने ॲडली रचमनला पहिला निवडला’ हे वाचून डोळ्यांपुढे घटनेची मसुदा समिती येते. दुसरं ‘मूल्यमापन’. चूक नाही, पण प्रगतिपुस्तकाचा वास येतो. तिसरं, लेखक सारखं बजावतो की कॉलेजातले आकडे फुगलेले असतात. मी ‘फुगीर आकडे’ लिहिलंय, पण त्यात कोणीतरी घोटाळा केल्यासारखं वाटतं. इथे तसं काही नाही.

जुना यष्टिरक्षक
मसुदा आधी खोडा. आयपीएलमुळे हात ‘लिलावा’कडे जाईल, तोही आवरा. लिलावात ज्याची बोली मोठी त्याचा खेळाडू. ड्राफ्टमध्ये पाळी असते. संघ एकामागून एक येतात, एकेक पोरगा उचलतात, आणि आदल्या मोसमात मार खाल्लेल्यांची पाळी साधारण आधी. (२०२३च्या ड्राफ्टपासून पहिल्या ६ पाळ्यांसाठी सोडत असते. तळाला राहिलं म्हणून पहिली पाळी पक्की, असं आता नाही.) आपण गल्लीत हेच करायचो की! दोन कप्तान आळीपाळीने भिडू मागणार, आणि उरलेलं कच्चं लिंबू कुणाच्या गळ्यात बांधायचं यावर भांडणार. माझं मत ‘भिडू-निवड’.

शब्दवेडी
काका, मला आवडलं, पण संपादक चालू देणार नाहीत. शिवाय भिडू म्हटलं की बरोबरीचं नातं येतं. इथे कुठल्या गावी जायचं हे त्या मुलाला कुणी विचारत नाही.

बॉस्टनवासी
‘ड्राफ्ट’च ठेवा, आणि काकांची ती पाळीची दोन वाक्यं पहिल्या परिच्छेदात घाला. मराठीत रुळलेल्या परक्या शब्दांत एकाची भर. खरी गोची मूल्यमापनाची आहे.

स्काउटच्या (संघासाठी खेळाडू हेरत फिरणाऱ्याच्या) वहीत प्रत्येक गुणाला २० ते ८० मध्ये आकडा असतो. ५० म्हणजे मेजर लीगमधला, तिथल्या सर्वांत वरच्या व्यावसायिक लीगमधला, सरासरी खेळाडू. कॉलेजातला सरासरी नव्हे, हे भाषांतरात हरवू देऊ नका. आकडेही दोन: आज किती, आणि पुढे किती होईल. पळण्याला घड्याळ आहे. उजव्या हाताच्या हिटरने फटका मारून पहिला बेस साधारण ४.३ सेकंदांत गाठला तर ५०. तिथे वाद नाही. फटक्याच्या गुणाला मात्र घड्याळ नाही, आणि सगळे हुकतात ते तिथेच.

गेल्या उन्हाळ्यात चॅटमला सामना पाहायला गेलो होतो. केप कॉडवर उन्हाळ्यात कॉलेजच्या मुलांची लीग असते. तिकीट नाही, आपली खुर्ची आपण न्यायची. हिटर उभा राहतो त्या प्लेटमागे चारपाच स्काउट, वही आणि स्टॉपवॉच घेऊन. एका धिप्पाड मुलाच्या अंगावर वेगवान चेंडू आला, मुठीजवळ लागला, बॅटचे दोन तुकडे झाले आणि चेंडू टप्पे खात पिचरकडे, म्हणजे गोलंदाजाकडे, गेला. हाच फटका धातूच्या बॅटने मारला असता तर बहुधा आतल्या खेळाडूंच्या डोक्यावरून पडून हिट झाला असता. माझ्या शेजारच्या स्काउटने काहीच लिहिलं नाही. पुढच्या वेळी त्याच मुलाने दोन स्ट्राइक झालेल्या असताना (तिसरी झाली की बाद) झोनच्या, म्हणजे स्ट्राइक धरतात त्या चौकटीच्या, बोटभर बाहेर जाणारा स्लायडर, वळणारा चेंडू, सोडला, अगदी खांदा न हलवता. तेव्हा स्काउटने पेन काढलं. दोन डाव नंतर समुद्रावरून धुकं आलं, मागचे खेळाडू दिसेनात, खेळ थांबला. चॅटममध्ये याचं कुणाला नवल वाटत नाही.

शब्दवेडी
धातूची बॅट? म्हणजे कॉलेजात लाकडी नसते?

बॉस्टनवासी
नाही. १९७४पासून कॉलेजात ॲल्युमिनियमची बॅट चालते. तिचा पत्रा चेंडू लागला की दबतो आणि उसळतो. २०११मध्ये नियम कडक करून ती उसळ बरीच मारली, तरी बॅट मोडत नाही आणि चुकलेल्या फटक्याला माफी मिळते. व्यावसायिक बेसबॉलमध्ये लाकूडच. केप कॉडची लीग १९८५पासून लाकडी बॅटवर आहे, म्हणून तिथल्या मोसमाला इतका भाव.

पाटीपेन्सिल
मग तुमच्या तिसऱ्या अडचणीला मराठीत शब्द तयारच आहे. सूज म्हणजे बाळसं नव्हे! मूल गुटगुटीत दिसतंय खरं, पण ते बाळसं की सूज हे दाबून बघावं लागतं. यात फसवणूक कुणाचीच नाही. ‘सुजलेले आकडे’ लिहा.

आता मूल्यमापन. पारखणे, जोखणे आणि कस लावणे हे तीन वेगळे व्यवहार आहेत. ‘पारख’ ‘परीक्षे’वरूनच आली, पण मराठीत ती नजरेची झाली. रत्नपारखी तराजू न धरताही बोलतो. ‘जोखणे’ तराजूचं, वजन करायचं. ‘कस’ सोनाराच्या काळ्या दगडावरचा: घासल्याशिवाय कळत नाही. बॉस्टनवासींच्या गोष्टीत तिन्ही आहेत. स्लायडर सोडताना पाहणं ही पारख, मोसमाची बेरीज ही जोख, आणि लाकडी बॅट हा कस. ‘मूल्यमापन’ या तिघांवर एकच चादर टाकतं.

जुना यष्टिरक्षक
वा! ‘पाणी जोखणे’ विसरलात. माणसाचं पाणी जोखतात. तिथे तराजू आणि नजर एकत्र येतात.

बॉस्टनवासी
पाटीपेन्सिल, तुमची विभागणी मानली, पण जोख इतकी बावळट समजू नका. बेरजेतही सूज नसलेली जागा असते. रचमनने कॉलेजच्या शेवटच्या मोसमात ७६ वॉक (झोनबाहेरचे चार चेंडू सोडून मिळालेला फुकट बेस) घेतले आणि तो ३८ वेळाच स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद, झाला. सोडलेल्या चेंडूला बॅट धातूची होती की लाकडाची, याने काय फरक पडतो? होम रनचं, चेंडू थेट कुंपणापलीकडे धाडण्याचं, तसं नाही. क्रिस ब्रायंटने २०१३मध्ये सॅन डिएगो विद्यापीठाकडून ३१ मारले, त्या वर्षी कित्येक अख्ख्या संघांना तेवढे जमले नाहीत. तरी तो दुसरा निवडला गेला. पुढे शिकागोत त्याने ते बाळसंच होतं हे दाखवलं, २०१६चा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू. उलटही होतं. नॉर्थ कॅरोलायनाचा डस्टिन ॲकली, २००९मध्ये दुसरा निवडलेला, कॉलेजात सरासरी .४००च्या वर. पारख, जोख सगळं जुळत होतं. मेजर लीगची कारकीर्द संपली .२४१वर.

शब्दवेडी
.२४१ म्हणजे वाईट? क्रिकेटचा वाचक २४.१ वाचेल.

बॉस्टनवासी
दर १००० खेपांत २४१ हिट. एकदा असं फोडून सांगा, नाहीतर घोळ होणार.

क्रिकेटचा दुवाच हवा असेल तर ट्रॅव्हिस बझाना घ्या. सिडनीचा मुलगा, ओरेगॉन स्टेटमध्ये शिकला. २०२३च्या उन्हाळ्यात केप कॉड लीगमधल्या फॉल्मथ संघाकडून लाकडी बॅटने खेळून केप कॉडचा एमव्हीपी झाला, आणि २०२४मध्ये क्लीव्हलंडने त्याला सगळ्यांत पहिला उचलला. पहिल्या क्रमांकावर गेलेला पहिला ऑस्ट्रेलियन. यात कस आधी लागला आणि कॉलेजचा मोठा मोसम नंतर आला. म्हणून त्या मोसमाकडे कुणी सूज म्हणून बघितलं नाही.

शब्दवेडी
शीर्षक सुचलं: ‘सूज की बाळसं?’ आत ‘पारख’ स्काउटसाठी, ‘जोख’ आकड्यांसाठी. मूल्यमापन एकदाच, संपादकांच्या समाधानासाठी.

एक राहिलं. मूळ लेखात ‘रॉ पॉवर’ आणि ‘गेम पॉवर’ वेगळे आहेत. ‘कच्ची ताकद’ लिहिलं होतं, आता काकांचं कच्चं लिंबू आठवून हसू येतंय.

पाटीपेन्सिल
कच्ची नकोच. कच्ची म्हणजे अपुरी, आणि इथे ती उलट भरपूर आहे, नुसती सामन्यात दिसत नाही. ‘अंगातली ताकद’ आणि ‘फटक्यात उतरलेली ताकद’.

बॉस्टनवासी
सरावात चेंडू झाडांपलीकडे धाडणारा आणि सामन्यात हुकणारा, त्याला इथे ‘पाच वाजताचा हिटर’ म्हणतात. संध्याकाळच्या सामन्याआधी सराव साधारण त्या वेळी असतो म्हणून.

जुना यष्टिरक्षक
आमच्या क्लबात एक होता. त्याला आम्ही ‘नेटमधला गावसकर’ म्हणायचो. समोर नव्हे अर्थात, बॅट त्याच्याच मालकीची होती.