उन्हाळी सुट्टीतली श्रीलंका : तुम्ही कोणता उत्सव पाहिलात?

नाशिककरांनो, एप्रिल ते ऑगस्टमध्ये लंकेला जाऊन आलेल्यांनी इथे लिहा. हॉटेलचे रेट नकोत, ते कुठेही मिळतात. उत्सवात नेमकं काय पाहिलं, काय खाल्लं, कुठे अडलात ते सांगा.

पंचवटी : आम्ही एप्रिलमध्ये, त्यांच्या नववर्षाला गेलो. १३-१४ तारखेला सूर्य मीनेतून मेषेत जातो, तेव्हा सिंहली आणि तमिळ दोघांचंही वर्ष बदलतं. मध्ये काही तास 'नोनगथे' असतो. त्या वेळात चूल नाही, काम नाही. घरमालकीणबाईंनी आदल्या दिवशीच बजावलं, "आधी जेवून घ्या, मग काही मिळायचं नाही." मुहूर्तावर चूल पेटली, नव्या मडक्यात दूध तापलं आणि मुद्दाम उतू जाऊ दिलं. आमच्या आई एकदम म्हणाल्या, "अगं, ही तर रथसप्तमी!" मग नारळाच्या दुधातला किरीभात आणि कोकीस. कोकीस म्हणजे चकलीची लांबची बहीण. दुकानं मात्र बंद आणि बसही तुरळक, तेव्हा गाडी आधीच ठरवून ठेवा.

सिडको : वेसाक, म्हणजे आपली बुद्धपौर्णिमा. कोलंबोत गंगारामय विहार आणि बैरा तलावाच्या बाजूला कागदी कंदिलांची रांगच रांग, चौकाचौकात जातककथांचे दिव्यांनी उजळलेले भलेमोठे तोरण-देखावे. पण मला आवडलं ते दन्सल. रस्त्यात झेंडे दाखवून गाड्या थांबवतात आणि फुकट खाऊ घालतात, कुठे भात, कुठे सरबत, कुठे आइस्क्रीम. 'नको' म्हटलं तर वाईट वाटून घेतात. आपल्या नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांपाशी २०२३ साली लावलेला बोधिवृक्ष लंकेतल्या अनुराधापूरच्या बोधिवृक्षापासूनचा, हे कोलंबोतल्या एका काकांना सांगितलं तर त्यांनी हातात दुसरा ग्लास ठेवला.

देवळाली कॅम्प : पौर्णिमेला दारू मिळत नाही, वेसाकला मांसविक्रीही बंद. आमच्या ग्रुपमधल्या दोघांचे चेहरे बघण्यासारखे होते.

इंदिरानगर : कँडीचा एसला पेराहेरा, म्हणजे रात्रीची मोठी मिरवणूक, जुलै-ऑगस्टमध्ये. दंतधातूच्या, म्हणजे बुद्धाच्या दाताच्या मंदिरातून निघतो. आधीच्या रात्री 'कुंबल' पेराहेरा, मग त्याहून मोठा 'रंदोली', शेवटच्या रात्री सगळ्यात भव्य. आमच्या एजंटने 'पहिली रांग' म्हणून पैसे घेतले आणि खांबामागे बसवलं! पण पुढे आसूड फोडणारे आले आणि सगळं विसरलो. तो आवाज कानावर नाही, छातीवर बसतो. मशालींत सुकं खोबरं जळत असतं, त्याचा खमंग धूर डोळ्यांत. मग ढोल, नर्तक, चार देवळांच्या मिरवणुका. दंतधातूची मंजूषा वाहणारा हत्ती आला तेव्हा त्याच्या पायांखाली पांढरं कापड अंथरत होते, आणि इतका वेळ कलकलणारे लोक उठून हात जोडून उभे राहिले.

गंगापूर रोड : हत्तींच्या पायातल्या साखळ्या दिसल्या का? मला त्यापुढे काही बघवलं नाही.

इंदिरानगर : दिसल्या. खटकलंच. पाहूच नये असं मात्र नाही म्हणणार.

रविवार कारंजा : जाफनाचं नल्लूर कंदस्वामी, म्हणजे कार्तिकस्वामीचं मंदिर कोणीच लिहिलं नाही? पंचवीस दिवसांचा उत्सव, शेवटाकडे रथ. पुरुषांना सदरा काढूनच आत सोडतात. आमच्या काळारामाचा रथ ओढलेल्या माणसाला दोर बघून हात शिवशिवतात.

सातपूर : जूनमध्ये पोसोन पौर्णिमेला मिहिंतलेच्या डोंगरावर जायचंय, अशोकपुत्र महिंद जिथे धम्म घेऊन आला तिथे. १८४० पायऱ्या म्हणे. सोबत सासूबाई आहेत, गुडघे दुखतात.

सिडको : एरवी गाडी निम्म्यापर्यंत वर जाते, पण पोसोनच्या गर्दीत सोडतीलच असं नाही. पौर्णिमेच्या दोन दिवस आधी जा, पहाटे चढा. पांढरे कपडे घ्या, चपला खाली ठेवाव्या लागतात. दगड दुपारी तापतो, मोजे विसरू नका.