मदत हवी आहे : धामण मारणाऱ्या लेआउटला कसं समजवावं?

नमस्कार मंडळी, आम्ही नागपूरच्या बेसा भागात राहतो. परवा आमच्या लेआउटमधल्या, म्हणजे वसाहतीतल्या, पोट्ट्यांनी धामण ठेचली. चांगली सहा फुटांची, बिनविषारी, उंदीर खाणारी. मोठी माणसं बाजूला उभी राहून व्हिडिओ काढत होती बाप्पा! म्हणे, "नाग होता." फणा कुठे होता, ते कोणी सांगेना. वनविभागाला १९२६ वर फोन करता येतो, हेही कोणाला ठाऊक नव्हतं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला वन्यजीव सप्ताह असतो. तेव्हा पोरांना गोरेवाड्याच्या प्राणिसंग्रहालयात न्यावं म्हणते, पण वाघ बघून धामणीबद्दल माया वाटेल का? नाग, मण्यार, घोणस, फुरसं या विषारी सापांची ओळख चित्रांवरून करून देणारं नागपुरात कोणी आहे का? पोरांपेक्षा त्यांच्या बापांना पटेल असं हवंय. भाषण नको, आणि साप गळ्यात घालून दाखवणारेही नकोत.