साइटवर कामगारांची हजेरी आणि प्रवेशाचे नियम कसे बसवावेत?

साइट अभियंता, पुणे:
आमच्या दोन इमारतींच्या कामावर सहा उपठेकेदारांचे मिळून रोज सुमारे 140 कामगार येतात. फाटकावर अंगठ्याचे यंत्र बसवून दोन महिने झाले. परंतु रोज सिमेंटमध्ये हात असणाऱ्या गवंड्यांचे आणि बिगाऱ्यांचे ठसे झिजलेले असल्याने ते यंत्र घेतच नाही. सकाळी आठ वाजता माणसे बादलीत अंगठा बुडवतात, कपड्याला पुसतात, चार-चार वेळा टेकवतात आणि रांग रस्त्यावर जाते. मग वॉचमन वहीत नाव लिहितो, आणि महिनाअखेरीस यंत्र, वही व मुकादमाची यादी यांचा मेळ बसत नाही. गेल्या पगारवाटपात एका बिगारी बाईंचे चार खाडे लागले. त्या चारही दिवस कामावर होत्या. चेहरा ओळखणारे यंत्र घ्यावे की कार्ड? आणि कोणाला कोठवर जाऊ द्यावे, हे आपण कसे ठरवता?

सुरक्षा अधिकारी, ठाणे:
यंत्र निवडण्यापूर्वी ‘या क्षणी आत कोण आहे’ आणि ‘आज कोणाची हजेरी भरली’ या दोन नोंदी वेगळ्या करा. आमच्याकडे एका स्लॅबच्या रात्री यादीप्रमाणे तीन माणसे कमी भरली. आम्ही तासभर बॅटरी घेऊन तळघर आणि लिफ्टची डक्ट धुंडाळली. ते तिघे काँक्रीटच्या गाड्यांच्या फाटकातून केव्हाच घरी गेले होते. तेव्हापासून माणसांचे फाटक एकच ठेवले असून बाहेर पडतानाही नोंद सक्तीची आहे.

प्रवेशाचे नियम मोजकेच ठेवा. उंचीवरचे काम, लिफ्टची डक्ट आणि विजेचे पॅनेल या तीन ठिकाणी, प्रशिक्षण झालेल्यांनाच वेगळ्या रंगाचे कार्ड द्या आणि त्यावर मुदत छापा. जो नियम वॉचमन राबवू शकत नाही, तो लिहूच नये.

कामगार कायद्याचे काम पाहणारा, नाशिक:
यंत्राने नाकारले म्हणून कोणाचाही रोज बुडता कामा नये, हा नियम सर्वांत आधी लिहा. ठसा किंवा चेहरा जुळला नाही, तर सुपरवायझर आणि मुकादम दोघांच्या सहीने त्याच दिवशी नोंद व्हावी, महिनाअखेरीस नव्हे. ठेकेदाराने मजुरी थकवली तर ती देण्याची जबाबदारी मुख्य नियोक्त्यावर, म्हणजे ठेकेदाराला काम देणाऱ्यावर, येते, त्यामुळे ही हजेरी तुमच्याही बचावाची आहे. कामगाराच्या दृष्टीने तर तिचे मोल आणखी मोठे आहे: बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीसाठी आधीच्या 12 महिन्यांत किमान 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि हजेरीच धड नसेल तर तो कशाच्या आधारे देणार?

आणखी एक विनंती. आधारच्या झेरॉक्स वॉचमनच्या खोलीत खिळ्याला टोचून ठेवू नका. शेवटचे चार अंकच दिसणारी प्रत घ्या आणि ती कार्यालयात कुलपात ठेवा. एकाच नावाचे तीन-तीन कामगार असतात, म्हणून प्रत्येकाला साइटचा स्वतंत्र क्रमांक द्या.

साइट अभियंता, पुणे:
मनापासून आभार. कार्ड आणि छायाचित्र असलेली यादी, असे ठरवतो; त्या बाईंचे चार दिवस या शनिवारच्या वाटपात देत आहोत. मजूर अड्ड्यावरून एका दिवसासाठी आणलेल्यांचे काय करावे?

सुरक्षा अधिकारी, ठाणे:
त्यांना दिवसाचा पास द्या, हेल्मेट द्या, धोक्याच्या जागा प्रत्यक्ष फिरवून दाखवा आणि त्या दिवशी जमिनीवरचेच काम सांगा. संध्याकाळी पास परत आल्याशिवाय फाटकाची नोंद बंद करू नका.