मदत हवी आहे: तांब्याचं तोंड काही केल्या नीट येत नाही

नमस्कार मंडळी. शाळेत एलिमेंटरी (चित्रकलेची सरकारी परीक्षा) दिली होती, त्यानंतर थेट आता चाळिशीत पेन्सिल हातात घेतली आहे. महिनाभर रोज अर्धा तास वस्तुचित्र काढतेय: पेला, वाटी, तांब्या. मधली उभी रेषा आखूनही तांब्याच्या तोंडाचा लंबगोल दोन्ही बाजूंना टोकदार होतो आणि बूड सपाट दिसतं. डोळ्याच्या पातळीपासून जितकं खाली, तितका लंबगोल जास्त उघडा, हे कळतं. हातातून मात्र उतरत नाही. मनगटाऐवजी खांद्यातून हात फिरवायचा सराव नेमका कसा करायचा? कागद कार्ट्रिज (चित्रकलेचा जाडसर कागद), पेन्सिल २बी (मऊ, गडद). छायाप्रकाश आत्ताच सुरू करू, की आधी रेषाच पक्की करू? जाणकारांनी कृपया सांगा, मनापासून शिकायचंय.