एकाच दिवसाचे तीन बंद भाव: ११९, ५९ की ३६?

तक्त्यात_अडकलोय

मायक्रोसॉफ्टच्या शेअरचे जुने भाव उतरवून घेतलेत आणि एका तारखेपाशी गाडी अडलीय. २७ डिसेंबर १९९९. त्या वेळच्या छापील भावपत्रकात बंद भाव ११९ १/८ डॉलर आहे. मी उतरवलेल्या तक्त्यात त्याच तारखेपुढे ‘क्लोज’च्या रकान्यात ५९.५६२५, आणि शेजारी ‘ॲडजस्टेड क्लोज’मध्ये ३६ च्या घरातला आकडा. दिवस एक, कंपनी एक, भाव तीन.

यातला खरा कुठला? मला दोन कामं करायची आहेत. एक म्हणजे दीर्घकाळाचा परतावा काढायचाय. दुसरं, सरासरीच्या वर गेला की घ्या, खाली आला की विका अशी एक साधी पद्धत जुन्या भावांवर चालवून बघायचीय. कुठल्या कामाला कुठला रकाना घेऊ?

आणि आलेख बघून आणखी एक शंका. १९९९ अखेरचा तो भाव नंतर थेट ऑक्टोबर २०१६ मध्ये ओलांडलेला दिसतो. म्हणजे शिखरावर घेतलेल्या माणसाचे पैसे सतरा वर्षं सुटलेच नाहीत?

रोखठोक

ॲडजस्टेड क्लोज घ्या आणि मोकळे व्हा. बाकी रकाने शोभेला असतात.

जुना_हिशेबनीस

रोखठोकराव, शोभेला नसतात हो. प्रत्येक रकाना वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतो, आणि ‘ॲडजस्टेड घ्या’ म्हणून सोडून दिलेल्या लोकांच्या शीट नंतर आमच्यासारख्यांकडे निस्तरायला येतात.

आधी तिन्ही आकडे जुळवून दाखवतो. त्या दिवशी बाजारात ज्याने शेअर घेतला त्याने ११९ १/८ च मोजले. अमेरिकेतले बाजार तेव्हा भाव अपूर्णांकात सांगत. दशांश पद्धत पूर्णपणे लागू झाली २००१ मध्ये. एक अष्टमांश म्हणजे ०.१२५, म्हणून ११९.१२५. पुढे फेब्रुवारी २००३ मध्ये कंपनीने एकाचे दोन असा स्प्लिट केला. ११९.१२५ भागिले २ केलं की ५९.५६२५, तुमचा चार दशांशांचा विचित्र आकडा. तक्ता बनवणाऱ्याने काही गडबड केलेली नाही, जुन्या अपूर्णांकाचे ते अवशेष आहेत.

स्प्लिटच्या सांध्यावर प्रत्यक्ष काय झालं ते बघा. १४ फेब्रुवारी २००३ ला शेअर ४८.३० ला बंद झाला, आणि सुट्टी धरून पुढच्या कामाच्या दिवशी, १८ तारखेला, २४.९६ ला. कच्चा, म्हणजे बाजारात त्या दिवशी चाललेला बिनदुरुस्त भाव घेऊन बसलात तर एका रात्रीत निम्मा बुडाला असं दिसेल. खरं तर प्रत्येकाच्या खात्यातले शेअर दुप्पट झाले होते आणि भाव थोडा वधारलाच होता, कारण ४८.३० चे निम्मे २४.१५.

इथे बहुतेकांचा घोटाळा होतो. फुकटच्या बऱ्याच तक्त्यांत साधा ‘क्लोज’सुद्धा स्प्लिटसाठी आधीच दुरुस्त केलेला असतो. लोकांना वाटतं हा कच्चा भाव, म्हणून ते स्वतः पुन्हा दोनने भागतात आणि ५९ चे ३० करून ठेवतात. तेव्हा आधी तक्त्यात स्प्लिटच्या तारखेची ओळ उघडा. तिथे भाव निम्मा झालेला दिसला तर तो कच्चा, सलग दिसला तर दुरुस्त. इतकं एका मिनिटात कळतं.

आता ३६. यात स्प्लिटच्या जोडीला लाभांशही वळता केलेला आहे. पद्धत अशी: लाभांशाच्या एक्स-डेटच्या (ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही) आदल्या दिवसाचा बंद भाव घ्यायचा, लाभांश भागिले तो भाव करायचं, एकातून ते वजा करायचं, आणि आलेल्या गुणकाने त्या आधीचे सगळे भाव गुणायचे. मायक्रोसॉफ्टचंच उदाहरण इतकं ठसठशीत आहे की दुसरं शोधायला नको. २००४ मध्ये कंपनीने शेअरमागे ३ डॉलरचा खास लाभांश दिला, त्याची एक्स-डेट १५ नोव्हेंबर, आणि नेहमीचे ८ सेंटही त्याच एक्स-डेटला. १२ नोव्हेंबरला बंद भाव २९.९७, पुढचा दिवस १५ नोव्हेंबर, बंद २७.३९. नुसता भाव बघितला तर साडेआठ टक्क्यांची आपटी. पण २९.९७ मधून ३.०८ गेले की उरतात २६.८९, म्हणजे २७.३९ ही प्रत्यक्षात दोन टक्क्यांच्या आसपासची तेजी आहे! गुणक येतो सुमारे ०.९. म्हणजे त्या एका लाभांशापायी १९९९ चा भावही दहा टक्क्यांनी खाली सरकला. तेव्हापासून दर तिमाहीला थोडाथोडा सरकतच आलाय. ५९ चे ३६ असे झाले.

तुमची ती सरासरीवाली पद्धत ‘क्लोज’वर चालवलीत तर १५ नोव्हेंबर २००४ ला ती विका म्हणून ओरडण्याची दाट शक्यता, आणि तेही भाव फक्त लाभांशापायी उतरला त्या दिवशी. म्हणून परतावा काढायला आणि पद्धत तपासायला ॲडजस्टेड घ्या. एवढ्यापुरतं रोखठोकराव बरोबर.

पण जुनी खरेदी-पावती पडताळायची असेल, कराच्या हिशेबासाठी खरेदीची किंमत काढायची असेल, किंवा ‘शेअर १०० च्या वर गेला तेव्हा’ असं एखादं जुनं वाक्य तपासायचं असेल, तर कच्चा भावच लागतो. ३६ ला त्या दिवशी कुणीही शेअर विकला नाही. पी/ई, म्हणजे भाव भागिले शेअरमागची कमाई, काढतानाही तेच. १९९९ च्या ताळेबंदातली शेअरमागची कमाई आणि ३६ हा भाव एकत्र आणलात तर शेअर भलताच स्वस्त दिसेल. कमाई आणि भाव दोन्ही एकाच पायावर हवेत.

२०१६ ची शंका: भावापुरतं खरं. २१ ऑक्टोबर २०१६ ला ५९.६६ ला बंद झाला तेव्हा १९९९ चा ५९.५६ ओलांडला. पण मधल्या काळात मिळालेले लाभांश, त्यात ते ३ डॉलरही आले, पुन्हा त्याच शेअरमध्ये गुंतवले असं धरलं तर मुद्दल त्याच्या काही वर्षं आधीच वसूल झालेलं. ॲडजस्टेडच्या रकान्यात १९९९ चा आकडा पहिल्यांदा कायमचा कधी मागे पडतो ते बघा, तारीख तुम्हालाच सापडेल. अर्थात नामांकित कंपनीत इतकी वर्षं थांबून नुसतं मुद्दल सुटणं ही काही मिरवायची गोष्ट नाही, आणि महागाई तर अजून धरलेलीच नाही.

तक्त्यात_अडकलोय

डोक्यात प्रकाश पडला. १५ नोव्हेंबर २००४ ला खरोखरच विक्रीचा इशारा येत होता, ॲडजस्टेडवर चालवला तर गायब.

आता एक विचारतो. माझ्याकडे दोन वर्षांपूर्वी उतरवलेली फाइल आहे. पुन्हा सगळं न उतरवता फक्त नव्या ओळी खाली चिकटवल्या तर चालेल ना?

जुना_हिशेबनीस

ॲडजस्टेड असेल तर अजिबात नाही. दोन वर्षांत जेवढे लाभांश झाले तेवढ्यांचे गुणक नव्या ओळींमागच्या भावांना लागलेत, तुमच्या जुन्या फाइलला लागलेले नाहीत. सांध्यावर खोटी घट दिसणार. मध्ये स्प्लिट झाला असेल तर भगदाड पडतं, ते निदान डोळ्यांना दिसतं तरी. लाभांशाचा टक्काभर फरक मात्र मुकाट्याने शिरतो आणि महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

दोन मार्ग आहेत. दर वेळी अख्खी मालिका नव्याने उतरवायची आणि फाइलच्या नावात उतरवल्याची तारीख घालायची. किंवा कच्चे भाव एका शीटमध्ये, स्प्लिट आणि लाभांश दुसऱ्या शीटमध्ये, आणि गुणक स्वतः काढायचे. मी दुसरं करतो. कटकट जास्त आहे, पण आकडा का बदलला हे कुणी विचारलं तर बोट ठेवायला जागा असते.

मागचा_बाक

हिशेबनीसांच्या यादीत उलटा स्प्लिट राहिला. सिटीग्रुपने मे २०११ मध्ये दहाचा एक केला. २००७ च्या सुरुवातीला तो शेअर पन्नाशीत होता, स्प्लिटसाठी दुरुस्त केलेल्या तक्त्यात आज तो ५०० च्या वर दिसतो. मग कुणीतरी पोस्ट टाकतो, ‘एकेकाळी ५०० ला मिळणारा शेअर’. ५०० ला तो तेव्हा कधीच मिळत नव्हता. घसरण प्रचंड झाली हे खरं, गुणोत्तर बरोबरच आहे, फक्त तो आकडा त्या काळातला नाही.

शिवाय कंपनी फुटून वेगळी होते तेव्हाचं बघा. जुलै २०१५ मध्ये ईबेमधून पेपाल वेगळी झाली. भागधारकाला दर ईबे शेअरमागे एक पेपाल मिळाला, ईबेचा भाव मात्र त्या दिवशी निम्म्याहून खाली. हे सगळेच तक्ते सारखं हाताळत नाहीत, तेव्हा अशी तारीख स्वतः तपासावी. शेअरची बाजारातली चिन्हंही बदलतात: फेसबुकचं ‘एफबी’ जून २०२२ मध्ये ‘मेटा’ झालं. चिन्हावरून शोधताना मागचा इतिहास त्याच कंपनीचा आहे ना, हे बघून घ्या.

माझी मुख्य हरकत वेगळी आहे. तुम्ही मायक्रोसॉफ्ट निवडलीत कारण ती आज मोठी आहे. १९९९ मध्ये बसून यादी केली असती तर तीत अशाही कंपन्या असत्या ज्यांचा तक्ता आज कुठल्याच फुकट साइटवर सापडत नाही, कारण त्या बुडाल्या किंवा कुणीतरी गिळल्या. टिकलेल्यांवर तपासलेली कुठलीही पद्धत छानच दिसते.

रोखठोक

मग काय, जुने भाव बघूच नयेत?

मागचा_बाक

बघावेत की. शेअर किती खोल पडू शकतो आणि वर यायला किती वेळ घेतो, हे जुन्या भावांइतकं दुसरं काही सांगत नाही. फक्त आलेख लॉग मापावर लावा, म्हणजे सारख्या टक्क्यांची वाढ सारख्या उंचीची दिसते, नाहीतर १० चे २० झालेले सपाट रेघ दिसतात आणि २०० चे २५० झालेले डोंगर.

जुना_हिशेबनीस

लॉगचा मुद्दा राहिलाच होता माझ्याकडून, बरं झालं आठवण केलीत. आणि अडकलोय, तुमच्या पद्धतीचा निकाल इथे टाकाल तेव्हा तक्ता कुठल्या तारखेला उतरवला तेही लिहा. नाहीतर आमचा ३६ आणि तुमचा ३६ यावरून पुन्हा वाद.